नकल बसवायलाही अक्कल लागते

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की घरी बनवलेल्या स्पोर्ट्स कारला पुढचं सस्पेन्शन दुसऱ्या गाडीचं लावता येतं, बस, एवढंच लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. इंजिनाबद्दल एकाचाही प्रश्न नाही, सगळे नकलवर घसरलेत. नकल म्हणजे हब आणि ब्रेक ज्याच्यावर बसतात तो ओतीव तुकडा, इंग्लंडात त्याला अपराइट म्हणतात. उत्तरं द्यायच्या आधी एकच सांगतो, भंगारातून तुम्ही लोखंड उचलून आणता पण त्याच्यासोबत मूळ गाडीच्या डिझायनरने ठरवलेले कोनपण येतात, ते वजनकाट्यावर दिसत नाहीत आणि दुकानदारपण सांगत नाही. तुमचे आर्म, म्हणजे चेसिस आणि नकल जोडणारे दांडे, त्या कोनांभोवती बांधायचे असतात. आपण बहुतेक जण आधी चेसिस वेल्ड करून बसतो आणि मग नकल त्यात कशी कोंबायची ते विचारतो.

प्रश्न: मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कोव्हेंट्रीत असतो. गॅरेजमध्ये लोकॉस्ट करतोय, म्हणजे लोटस सेव्हन या दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारसारखी घरी बांधलेली गाडी. ओळखीच्या एकाने फोर्ड सिएराचे पुढचे अपराइट फुकट दिलेत, पण मी ज्या प्लॅनवरून काम करतोय त्यात कॉर्टिनाचे अपराइट आहेत. सिएराच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंटची जागाच नाहीये, नुसतं मोठं गोल भोक आणि एक पिंच बोल्ट. वर काहीतरी वेल्ड करून घेऊ का? आणि आयव्हीएला, म्हणजे अशी गाडी रस्त्यावर आणायच्या आधी इथे जी सरकारी तपासणी होते तिला, अडवतील का?

वेल्ड अजिबात करू नका. ओतीव तुकडा आहे तो, वेल्डच्या शेजारीच तडा जातो आणि तोपण गॅरेजमध्ये नाही जाणार, ब्रेक मारल्यावरच जाणार.

आता मुळापासून. लोटसच्या कॉलिन चॅपमनने 1957 ला सेव्हन आणली तेव्हा तिलापण इतर गाड्यांचेच पार्ट होते, त्यामुळे उसनवारीची लाज बाळगू नका, ही या गाडीची घराण्याची रीत आहे. लोकॉस्टवाल्यांनी इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल असं सगळं फोर्डच्या मार्क टू एस्कॉर्टचं घेतलं पण पुढे गाडी अडली, कारण एस्कॉर्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे वरचा आर्मच नाही, आणि सेव्हनच्या बुटक्या बॉनेटमध्ये स्ट्रट मावत नाही. म्हणून कॉर्टिना, कारण 1970 च्या मार्क थ्रीपासून तिला वर-खाली दोन्ही आर्म आहेत. खाली तिचा स्वतःचा बॉल जॉइंट आणि वरती बरेच जण फोर्ड ट्रान्झिट व्हॅनचा ड्रॅग लिंक एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट, लावायचे. कॉर्टिना 1982 ला बंद पडली आणि तिच्या जागी आलेल्या सिएराला परत स्ट्रट, त्यामुळे कॉर्टिनाचे अपराइट संपत आले तसे लोक सिएराकडे वळले आणि त्या गोल भोकाचं काय करायचं ते शोधून काढलं.

त्या भोकात स्ट्रटची नळी बसायची. आता तिच्या जागी लेथवर काढलेला एक तुकडा बसवायचा, खाली नळीच्या मापाचा दांडा आणि वर रुंद कॉलर, अळंबीसारखा दिसतो म्हणून तिकडे त्याला मशरूमच म्हणतात. त्याच्या मधोमध टेपर भोक, त्यात वरच्या बॉल जॉइंटचा स्टड. तयार मिळतात, ॲल्युमिनियमचेपण मिळतात, पण माझं मत विचाराल तर स्टीलचाच घ्या, दोनशे ग्रॅम वाचवून काय मिळवायचंय तिथे. भोक आणि दांडा दोन्ही व्हर्नियरने मोजा. दांडा हाताने दाबून सरकत सरकत आत गेला पाहिजे, ढिला असेल आणि पिंच बोल्ट आवळून धरायचा विचार असेल तर तो तुकडा परत पाठवा.

टेपरवर जरा थांबतो कारण इथे माझाच हात पोळलाय. बॉल जॉइंटच्या स्टडचा टेपर सगळीकडे एक नसतो, 1:8 असतो, 1:10 असतो, अजूनही आहेत, आणि डोळ्याला सगळे सारखेच दिसतात. माझ्या पहिल्या गाडीत एक जॉइंट असाच 'बसला', नट टाइट झाला, मी खुश, आणि चाळीसेक किलोमीटरनंतर वळताना टिक टिक आवाज यायला लागला. काढून बघितलं तर स्टडला वरच्या अंगाला जेमतेम चार मिलिमीटरचं चकचकीत कडं, बाकी सगळा स्टड कोरा, म्हणजे सगळी गाडी त्या कड्यावर चालली होती. तेव्हापासून मी ब्लू, म्हणजे कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग, लावल्याशिवाय नट चढवत नाही. स्टडला ब्लूचा पातळ हात द्यायचा, भोकात घालून थोडा फिरवायचा, बाहेर काढून भोकात बघायचं, रंग वरपासून खालपर्यंत लागला असेल तर ठीक, नुसतं कडं उमटलं तर योग्य टेपरचा रीमर शोधा नाहीतर जॉइंट बदला.

वरती स्टिअरिंगच्या दांड्याचा तसला एंड चालतो कारण गाडीचं वजन खालच्या आर्मवर असतं, तुमचा कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग चढवलेला शॉक ॲब्सॉर्बर, तोपण खालच्याच आर्मवर उभा राहणार. त्यामुळे खाली मात्र वजन पेलायला बनलेला खरा बॉल जॉइंटच पाहिजे. आणि खाली थ्रेड असलेला रोज जॉइंट (दांड्याच्या टोकाला गोल डोळा असलेला) लावून कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, ॲडजस्ट करायची हुक्की येते बऱ्याच जणांना, त्याचा थ्रेडेड दांडा वाकवणाऱ्या लोडसाठी केलेला नसतो, थ्रेडच्या मुळाशी तुटतो.

आता कोन. एक प्लायवूड घ्या आणि फुल साइझमध्ये पुढून दिसणारं चित्र काढा, कॉम्प्युटरवर काढलंत तरी एकदा प्लायवर काढाच. अपराइट टेबलावर उभा करा, हबचा चेहरा गुण्यात, खालच्या बॉलचं सेंटर आणि मशरूमवरच्या बॉलचं सेंटर मोजून बोर्डावर टाका आणि दोन्हीतून जाणारी रेघ जमिनीपर्यंत न्या. मग तुमचं टायर ज्या ऑफसेटच्या रिमवर येणार ते काढा. रेघ जमिनीला जिथे लागते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. मूळ सिएरात ही रेघ खालच्या बॉलपासून वर स्ट्रटच्या टॉप माउंटला जायची, तुमचा वरचा बॉल त्या रेघेवर असेलच असं नाही, त्यामुळे स्टिअरिंग सिएरासारखं लागेल ही आशा सोडा, बोर्डावर जे येतं ते खरं. रुंद रिम बाहेर काढून लावायचा मोह होतो आणि हे अंतर पाच-सहा सेंटिमीटरवर जातं, मग एका चाकाने खड्डा घेतला की स्टिअरिंग हातातून हिसकतं.

आयव्हीएचं म्हणाल तर लोक अडकतात ते सेल्फ सेंटरिंगला, वळवून सोडल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ यायला लागलं पाहिजे. सेव्हनचं नाक हलकं, पुढच्या चाकांवर वजनच नाही, त्यामुळे ते आळशीपणा करतं. त्यासाठी कास्टर पाहिजे, म्हणजे बाजूने बघितलं तर दोन बॉलमधली रेघ वरच्या टोकाला मागे झुकलेली, 5 ते 7 डिग्री. दोन बॉलमध्ये 230 मिलिमीटर अंतर असेल तर साडेपाच डिग्रीला वरचा बॉल खालच्यापेक्षा 22 मिलिमीटर मागे येतो, आर्म जिगवर वेल्ड करायच्या आधीच हे धरून चाला. आणि ऐका, वरचं टोक मागे झुकलं की अपराइटचं पुढे आलेलं स्टिअरिंगचं टोक, जिथे टाय रॉड जोडतात ते, वर उचललं जातं, म्हणून आधी कास्टर पक्का करा आणि मगच स्टिअरिंग रॅकची उंची ठरवा. उलट केलंत की दोन्ही कामं परत.

रॅक ठरवताना स्प्रिंग काढून ठेवा, चाकाच्या जागी हबला सरळ पट्टी बोल्ट करा, खाली जॅक लावून 10-10 मिलिमीटरने वर-खाली करा आणि दर वेळी पट्टीची पुढची आणि मागची दोन्ही टोकं जमिनीवर आखलेल्या रेघेपासून किती लांब आहेत ते मोजून लिहा. चाक वर जाताना टो, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळणं, एका बाजूला आणि खाली येताना दुसऱ्या बाजूला जात असेल तर रॅकची उंची चुकलीय, शिम घाला नाहीतर खाली घ्या. वर जाताना आणि खाली येताना दोन्हीकडे टो एकाच बाजूला जात असेल तर टाय रॉडची लांबी चुकलीय, म्हणजे रॅक लहान किंवा मोठा पडतोय, त्याला शिमने काही होत नाही, रॅक कापून घ्या नाहीतर टोकाला एक्स्टेंशन लावा. संध्याकाळ जाते याच्यात पण ही संध्याकाळ कोणीही वाचवू नये.

एवढं वाचून कंटाळा आला असेल तर दुसरी वाट म्हणजे माझदा एमएक्स-5, तिला मुळातच चारही चाकांना वर-खाली आर्म आहेत, आणि सबफ्रेमसकट सगळं उचलून त्याच्यावर चेसिस बांधायचे किट तिकडे मिळतात. पण मग ती गाडी सेव्हनइतकी अरुंद होत नाही हेही बघा.

प्रश्न: मी निवृत्त आहे, नाशिकला असतो. माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, चालू आहे पण महिनो न् महिने उभी असते. पुतण्या म्हणतो काका तिचं पुढचं सस्पेन्शन द्या, मी दोन सीटची उघडी गाडी बनवतो, इंग्लंडात म्हणे असंच करायचे. खरं आहे का? आणि खालच्या पितळी तुकड्याला ग्रीस घालू की तेल, दोन मेकॅनिक दोन गोष्टी सांगतात.

काका, पुतण्या खोटं बोलत नाहीये. मद्रासला 1961 पासून जी हेराल्ड बनायला लागली ती इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्डच, आणि तिच्या घराण्यातले अपराइट तिकडे लोटस सेव्हनवर आणि पुढे केटरहॅमवर, म्हणजे लोटसनंतर सेव्हन बनवणाऱ्या कंपनीच्या गाड्यांवर, वर्षानुवर्षं लागले. कारण ते हलके होते, बुटके होते आणि मुळातच दोन आर्मसाठी बनवलेले होते, त्यांना मशरूम वगैरे काही लागत नाही. आणि तुमची हेराल्ड पंचवीस फुटात वळते, आठवतंय ना, गल्लीत एका दमात फिरणारी गाडी, ती करामतपण याच पुढच्या सस्पेन्शनची.

पितळी तुकडा म्हणजे ट्रनियन. अपराइटचं खालचं टोक थ्रेडचं असतं आणि ते या तुकड्यात स्क्रूसारखं बसलेलं असतं, स्टिअरिंग वळवलं की स्क्रू फिरतो. तिथे तेल, ईपी 90 गिअर ऑइल. ग्रीस घातलं की ते वरच्या वर घट्ट बसतं, थ्रेडपर्यंत पोचत नाही, आत पाणी राहतं, गंज धरतो आणि एक दिवस अपराइट थ्रेडजवळ तुटतो, चाक आडवं. तुटतो तो बहुतेक वेळा गाडी पार्क करताना, कारण स्टिअरिंगवर जोर तेव्हाच येतो, त्यामुळे माणसं वाचतात. ग्रीसवाल्या मेकॅनिकला दोष देत नाही, निप्पल दिसलं की हात ग्रीसगनकडेच जातो. गाडी उभी असली तरी सहा महिन्यांनी तेल भरा, बाहेर ओघळेपर्यंत. डावा आणि उजवा ट्रनियन वेगळा असतो, थ्रेड उलटे, दोन्ही एकदम उघडून एकाच डब्यात टाकू देऊ नका.

पुतण्याला म्हणावं चालू हेराल्ड मोडू नकोस, बॉडी सडलेली एखादी शोध. चालू गाडी मोडून अर्धवट गाडी बनवल्याची उदाहरणं माझ्याकडे वहीभर आहेत.

प्रश्न: सर, मी इस्लामपूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मित्रांनी मिळून मारुती 800 च्या नकल वापरून छोटी गाडी बनवलीय, इंजिन मागे, ड्राइव्ह मागच्या चाकांना. पहिल्याच दिवशी पुढची दोन्ही चाकं डुगडुगायला लागली, बेअरिंग नवीन होते. अजून एक, सांगायला लाज वाटते पण स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जाते.

लाज कसली मित्रा, हे दोन्ही रोग मी इतक्या वेळा बघितलेत की त्याला साथच म्हणायला पाहिजे.

आधी चाकं. मारुती 800 पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी, तिच्या हबमधून ड्राइव्ह शाफ्टचं टोक आरपार जातं आणि बाहेर मोठा नट. तुम्हाला वाटलं की शाफ्ट फक्त चाक फिरवायला असतो, आपल्याला पुढे ड्राइव्ह नाही तर काढून टाकू. पण तो नट आणि तो शाफ्ट मिळून हब आणि बेअरिंग दोन्ही बाजूंनी आवळून धरतात, शाफ्ट गेला की हब नुसता प्रेस फिटवर लटकतो आणि बेअरिंग उघडत जातो. ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचे जुने खराब झालेले सीव्ही जॉइंट आण, भंगारवाला किलोवर देईल, आतला पिंजरा आणि गोळे काढून टाक, वाटी लेथवर छाटून घे पण बेअरिंगला टेकणारा खांदा शाबूत ठेव, आणि तो स्टब हबमधून घालून नट मूळ टॉर्कला आवळ. नवीन बेअरिंग टाक, एक दिवस चाललेले असले तरी जुने गेले समज.

उलट स्टिअरिंगचं कारण बघ. मूळ गाडीत रॅक आणि स्टिअरिंगचं टोक एक्सलच्या ज्या बाजूला होतं त्याच्या दुसऱ्या बाजूला तुम्ही नेलंय, बहुतेक डावी-उजवी नकल अदलाबदल करून. टोक मागे असताना डावीकडे वळायला रॅक उजवीकडे सरकावा लागतो, टोक पुढे आलं की डावीकडे. रॅक तोच, पिनियन तोच, मग उलटं होणारच. रॅक पालथा घातला की दिशा सुलटते, पण नकल अदलाबदल केल्यामुळे ॲकरमन बिघडलेला असतो तो तसाच राहतो, वळणावर आतलं चाक जास्त वळायच्या ऐवजी कमी वळतं आणि टायर ओरडत घासतात. त्यामुळे मी म्हणेन नकल परत आपापल्या बाजूला लावा आणि रॅक मूळ बाजूला न्या, पायांना अडचण होत असेल तर पेडल सरकवा.

तुझ्या फोटोत मला तिसरी गोष्ट दिसली जी तू विचारलीच नाहीस. नकलला स्ट्रटचे जे दोन बोल्ट असतात तिथे तुम्ही प्लेट लावून वरचा जॉइंट अगदी खाली घेतलाय. हिशोब कर, ब्रेक मारताना जमिनीवर 200 किलोचा जोर येतो असं धर, खालचा बॉल जमिनीपासून 17 सेंटिमीटर. दोन बॉलमध्ये 23 सेंटिमीटर असेल तर वरच्यावर साधारण 148 किलो आणि खालच्यावर 348. अंतर 13 वर आणलंस तर वर 262, खाली 462, गाडी तीच आणि ब्रेक तोच. प्लेट उंच कर, दोन्ही बाजूंनी प्लेट लावून बॉक्स कर.

आणि ही गाडी कॉलेजच्या आवारात नाहीतर ट्रॅकवरच चालव. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी झालेल्या गाडीतसुद्धा मनासारखे बदल करता येत नाहीत, तुमची तर नोंदणीच नाही. तुमच्याच सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने जुन्या पार्टमधून छोटी जीप बनवली होती, सगळीकडे कौतुक झालं, आनंद महिंद्रांनी 2022 मध्ये तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली, पण रस्त्याचा नियम त्यांनापण तोच लागू होता.

प्रश्न: डोनर गाडीच्याच, म्हणजे जिचे पार्ट घेतले तिच्याच, स्प्रिंग कापून वापरल्या तर? – एक वाचक, ठाणे

कापून माप बसेल, हिशोब नाही बसणार. स्ट्रटवर स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते. आर्मवर तिरकी लावली की चाक 10 हललं तर स्प्रिंग 7 हलते समजा, हा 0.7 चा वर्ग करायचा, 0.49, म्हणजे चाकाला स्प्रिंगची निम्मीच ताकद मिळते. उदाहरण घ्या, हलक्या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर 120 किलो, सेकंदाला दीड हेलकावा पाहिजे असेल तर चाकापाशी मिलिमीटरला 10.7 न्यूटन लागतात, भागिले 0.49 केलं की स्प्रिंग 22 न्यूटनच्या आसपास, इंग्लंडच्या कॅटलॉगमध्ये 125 पाउंडची (इंचाला) म्हणून मिळते ती. मोजा आणि विकत घ्या. रबर बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना टाइट करा, जॅकवर असताना आवळले की बुश कायम पिळलेले राहतात आणि वर्षात फाटतात, आणि मग माणूस स्प्रिंगला नावं ठेवतो.

प्रश्न: रिम 108 पीसीडीचे, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास 108 मिलिमीटर, आहेत (जुन्या फोर्डचे, चार बोल्ट), हब मारुती 800 चे, 114.3. रिमला नवीन भोकं पाडू का? – कोल्हापूर

त्याच रेषेत पाडाल तर नाही. त्रिज्येतला फरक फक्त 3.15 मिलिमीटर, नवीन भोक जुन्या भोकातच घुसणार आणि अंडाकृती होणार. 45 डिग्री फिरवून हबवर नवीन जागा शोधता येते, तीपण हबला तिथे मांस असेल तर, नुसता पातळ पत्रा असेल तर नाही. अडॅप्टर प्लेट लावणार असाल तर चाक प्लेटच्या जाडीइतकं बाहेर जातं, वर कोव्हेंट्रीवाल्यांना सांगितलेलं प्लायवूड काढा आणि स्क्रब रेडियस परत मोजा.

सोपं म्हणाल तर 114.3 चे रिम घ्या, जुन्या बाजारात ढिगाने मिळतात.